काळे हात आणि मक्याची कणसं: गॅरेजमधल्या नोंदी

जागा सांगली-तासगाव रस्त्यावर, माधवनगर सोडलं की थोडं पुढं. काम ट्रॅक्टरचं, द्राक्षबागेच्या ब्लोअरचं (बागेत औषध फवारायचं यंत्र) आणि अधूनमधून दुचाकीचं. हातांच्या जोड्या चार: मी, फोरमन मामा आणि दोन हेल्पर. ग्रीस-ऑईलचे काळे हात धुवायला घरीच काही बनवायचा असाच खटाटोप कुणाला करायचा असेल तर आमचे वाया गेले तेवढे पैसे तरी वाचतील, म्हणून वहीतल्या नोंदी उतरवून काढल्यात.

३ नोव्हेंबर २०२५

थोरल्या हेल्परच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायला लागलं. छाटणी झाली की बागायतदारांचे ब्लोअर एकामागोमाग एक येतात. त्यात कारखान्यांचा हंगाम, म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांचे हब आणि बेअरिंग. दिवसातून पाच-सहा वेळा हात धुणं होतंच. आजवरची आमची रीत अशी: डिझेलच्या ट्रेमध्ये हात बुडवायचे, कपड्याच्या पावडरीनं खसाखसा चोळायचे, वर बोअरचं पाणी. रॉकेल मिळायचं तोवर रॉकेल, मिळेनासं झालं तसं डिझेल, घाई असली की पेट्रोल. शेजारी वेल्डिंग चालू असताना पेट्रोलची वाटी उघडी ठेवणारेही आम्हीच.

मिरजेला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. ग्रीस कुठलं, काम कसलं, काही विचारलं नाही त्यांनी. "हात धुता कशानं?" एवढंच. डिझेल-पेट्रोल कातडीचं स्वतःचं तेल काढून घेतं आणि उरलंसुरलं पावडरीतला सोडा नेतो. मग भेगा पडतात आणि भेगांतून जळकं ऑईल आत जातं. जळक्या ऑईलबद्दल ते जरा कडक बोलले. वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर कॅन्सरचा धोका असतो, तेव्हा ते हातावर वाळू द्यायचं नाही आणि ऑईलची चिंधी खिशात ठेवायची नाही. मामांच्या पॅन्टीच्या मागच्या खिशात ती चिंधी मी लहानपणापासून बघतोय.

डिझेल-पेट्रोल आजपासून बंद, आणि धुतल्यावर हात ओलसर असतानाच व्हॅसलीन, असं ठरलं. मग धुवायचे कशानं? तयार पेस्ट दुकानात मिळते आणि चांगली असते. पण चार माणसं, पाच-सहा वेळा, डबा बघता बघता तळाला जातो. म्हणून ही वही.

५ नोव्हेंबर

आधी घरात आणि आसपास जे होतं ते लावून बघितलं. भांड्याची वडी ऑईलला बऱ्यापैकी चालते, ग्रीसपुढं दमते. लिंबू भेगांना असं झोंबलं की थोरला गॅरेजभर नाचला. रांगोळीनं काळं निघतं, पण ते शेवटी दगडाचं पीठ. हात तासल्यासारखे होतात आणि दुपारपर्यंत बेसिनचा पाईप तळाशी बसलेल्या रांगोळीनं गच्च झाला. पाईप उघडून साफ करण्यात तासभर गेला.

कामाची गोष्ट संध्याकाळी हाती लागली, तीही मामा नळावर उभे होते म्हणून. धाकट्यानं वाट न बघता कोरड्याच हातावर अर्धा चमचा सोयाबीन तेल घेऊन चोळलं आणि चिंधीनं पुसलं. निम्म्याहून जास्त काळं चिंधीवर आलं. मी तेच तेल हात भिजवून लावलं तर ते बोटांवरून नुसतं घसरत राहिलं, खालचं ग्रीस जागच्या जागी. पुन्हा पुन्हा करून बघितलं, हात बदलून बघितले, फरक तोच. ग्रीसला तेल सोडवतं, पाणी मधे आलं की तेलाला ग्रीस सापडतच नाही.

फळ्यावर खडूनं लिहिलं: पाणी सगळ्यात शेवटी.

७ नोव्हेंबर

नुसतं तेल नखांच्या कडांतलं आणि पेरांच्या रेघांतलं काढत नाही. घासायला काहीतरी रवाळ पाहिजे. साखरेच्या मुलखात राहतोय तर साखरच घेतली: दोन चमचे साखर, एक चमचा तेल, कोरड्या हातावर दोन मिनिटं. फार छान निघालं. दाणे घासतात, पाणी घातलं की विरघळून जातात, पाईप तुंबत नाही. किलोला चव्वेचाळीस रुपये. वाटलं, झालं काम.

८ नोव्हेंबर

मुंग्या. साखरेच्या डब्यात, बेसिनवर, टूलबॉक्सच्या खणात आणि मामांच्या जेवणाच्या डब्यात. साखर बाद. घरी एखाद्या दिवशी सायकलची चेन बसवली आणि हात काळे झाले, तर साखर-तेलासारखं दुसरं काही नाही. गॅरेजात मात्र नको.

११ नोव्हेंबर

तेलाचा खर्च वाचवायला नाक्यावरच्या भजीगाड्यावरून तळणीचं उरलेलं तेल आणलं, लिटरभर, फुकट. तापून तापून ते चिकट झालेलं असतं. ग्रीस निघतं आणि त्याचीच राप हातावर बसते. शिवाय वास. धाकटा म्हणाला, "दादा, घरी गेलो तर आई म्हनली, कामावर गेलातास का वडापाव खायाला?" बाद.

१४ नोव्हेंबर

वखारीतून लाकडाचा भुसा. तेल चांगलं पितो, पण त्यात बारीक कुसळं असतात आणि भुसा कुठल्या लाकडाचा हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. माझ्या मनगटावर खाज उठली. फरशीवर सांडलेलं ऑईल टिपायला ठेवून दिला. शेंगेच्या टरफलांची पूड केली तीही टोचते, भेगा असलेल्या हाताला अजिबात नको.

१७ नोव्हेंबर

मक्याची दाणे काढलेली कणसं. मामांच्या भावकीत मळणी झाली होती, पोतंभर कणसं गोठ्यामागं चुलीसाठी पडलेली. उन्हात वाळवून पिठाच्या गिरणीत नेली तर गिरणीवाल्यानं दारातूनच परत पाठवलं, आणि बरोबरच होतं त्याचं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या ज्वारीत आमचं कणीस गेलं असतं. जनावरांचा भरडा काढतात त्या मशीनवर काम झालं. किलोला पाच रुपये.

भरड्यात तीन तऱ्हेचा माल येतो. कणसाच्या बाहेरचं हलकं भुसकट, आतला मऊ गाभा आणि मधलं कठीण कडं. आपल्याला कडं पाहिजे. वहिनींनी सुपात पाखडून दिलं, भुसकट आणि बराचसा गाभा उडून गेला. मग आधी रव्याच्या चाळणीनं चाळलं आणि खाली आलेलं पुन्हा मैद्याच्या चाळणीनं. मैद्याच्या चाळणीवर उरतं ते घ्यायचं. खाली पडतं ती धूळ, तिचा उपयोग नाही. पोतंभर कणसांतून कामाची पूड दोन-अडीच किलो निघाली. पाखडताना नाकाला फडकं बांधा, मी बांधलं नव्हतं.

ही पूड घासते पण टोचत नाही, तेलही पिते. थोरल्याच्या बोटांनाही सोसली. घासायच्या मालाचा शोध इथं संपला.

१९ नोव्हेंबर

नवी अडचण. तेल आणि पुडीनं काळं निघतं, पण तेलाचा पातळ थर हातावर राहतो आणि तो नुसत्या पाण्यानं जात नाही. धाकट्याच्या हातातून १९ चा पाना निसटला, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पोचा आला. गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून निभावलं. पुन्हा पावडर वापरायची तर सगळंच मुसळ केरात. म्हणजे तेलातच साबण मिसळलेला पाहिजे, की पाणी लागताच तेल घेऊन उतरेल.

वडीचा साबण किसून तेलात घातला, गाठी झाल्या. वहिनी बचत गटात साबण करायच्या. त्यांचं म्हणणं, वडीला कॉस्टिक सोडा लागतो, मऊ साबणाला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साईड, खताचं पोटॅश नव्हे). मऊ साबण पाण्यात पटकन विरघळतो.

२३ नोव्हेंबर

मऊ साबण शिजवला. ही नोंद लांब आहे, कारण इथं चुकलं तर डोळा जाऊ शकतो.

साहित्य: सोयाबीन तेल ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक पोटॅश २२२ ग्रॅम, पाणी ६६५ ग्रॅम. पोटॅशचा हा आकडा ९० टक्के शुद्धतेच्या फ्लेक्ससाठी (पातळ तुकड्यांसाठी) आहे. पाकिटावर ८५ लिहिलं असेल तर २३६ घ्या. शंभर भागांतलं पाचेक भाग तेल मुद्दाम शिल्लक राहील असा हिशोब आहे, म्हणजे साबण हाताला झोंबत नाही. सगळं वजनावर, वाटीच्या मापानं नाही. पाणी बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड. कॅन उचलताना लेबल वाचा. आमच्या कपाटात बॅटरीचं पाणी आणि बॅटरीचं ॲसिड शेजारी शेजारी होतं, ते त्याच दिवशी वेगळं केलं.

मी घरून पातेलं घेऊन गेलो तर वहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, ते ॲल्युमिनियमचं आधी बाहेर ठेवा." पोटॅश ॲल्युमिनियम खातं आणि पेट घेणारा वायू सोडतं. भांडं स्टीलचं, चमचा स्टीलचा. पोटॅश पाण्यात घालायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. पाणी आपोआप उकळण्याच्या जवळ तापतं आणि खरखर आवाज येतो. ग्राइंडरचा गॉगल, लांब हातमोजे, पूर्ण बाह्या, खिडकी उघडी. अंगावर थेंब उडाला तर पुष्कळ पाण्यानं धूत राहायचं, लिंबू-व्हिनेगर लावत बसायचं नाही.

मोठ्या टोपात पाणी उकळत ठेवून त्यात पातेलं बसवलं. गरम तेलात पोटॅशचं पाणी हळूहळू सोडलं आणि रवीनं घुसळलं. अर्धा तास काहीच होईना. तेल वर, पाणी खाली. मला वाटलं माल खराब, वहिनी म्हणाल्या पोटॅशला वेळ लागतो. पाऊण तासानं एकदम दाट झालं, पुढं चमचा फिरेना. झाकून अधूनमधून उलथत तीन तास. शेवटी पांढरटपणा जाऊन पिवळसर आणि पलीकडचं दिसेल असा गोळा झाला.

झालंय का ते बघायला चमचाभर गोळा दोन चमचे उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला. पाणी नितळ राहिलं. दुधाळ झालं असतं तर अजून शिजवायला हवं होतं. पीएचची (साबण किती तिखट आहे ते रंगावरून दाखवणारी) पट्टी ९ ते १० च्या मधे. ११ च्या वर गेली तर हाताला लावू नका.

खर्च तीनशे रुपयांच्या जरा वर, त्यात निम्म्याच्या आसपास खोबरेलाचेच. माल साधारण पावणेदोन किलो.

२५ नोव्हेंबर

वहिनींच्या घरी फेसाळणारा साबण गॅरेजात फेसच देईना. हातावर पांढरट चिकट साय आणि बेसिनला कडा. साबण तोच, हात तेच, मग पाणी तपासलं. दोन बाटल्या घेतल्या, एकात बोअरचं पाणी, एकात नळाचं. दोन्हीत चिमूटभर साबण घालून हलवलं. नळाच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस, बोअरच्या बाटलीत वर गढूळ थर. बोअरमधला क्षार साबण खाऊन टाकतो. पावडरीला बोअर चालायचं म्हणून इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

नळाच्या पाण्याचं वीस लिटरचं पिंप तोटी लावून बेसिनवर चढवलं. तोटी आणि पिंप मिळून साडेतीनशे. बोअरचं पाणी गाड्या धुवायला.

२८ नोव्हेंबर

सगळं एकत्र कालवून बादली भरली: साबण, तेल, कणसाची पूड, थोडं पाणी. मामा बघून म्हणाले, "आरं, ह्ये हात धुवायला हाय का म्हशीला घालायला?" पण वापरलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितलं.

९ डिसेंबर

बादलीच्या कडेला हिरवट बुरशी आणि आंबूस वास. ओल्या हातानं माल काढतात, त्यात कणसाची पूड म्हणजे बुरशीला खाऊच. तीन किलो माल उकिरड्यावर. पूड कमी करायची, मीठ घालायचं, असे सल्ले आले, पण उपाय साधा होता. कोरडं कोरड्यात, ओलं ओल्यात. पूड झाकणाच्या डब्यात, साबण-तेल पंपाच्या बाटलीत, आणि दोन्ही हातावरच एकत्र येतात. बाटलीत कुणाचं बोट जात नाही.

बाटलीचा माल: मऊ साबण ५०० ग्रॅम, बॅटरीचं गरम पाणी २५०, त्यात विरघळल्यावर सोयाबीन तेल ४००, ग्लिसरीन ५०. दोन दिवसांत तेल वर येतं, हलवून घ्यायचं.

१२ डिसेंबर

हातमोजे. नायट्राईलचे (पातळ रबरी) शंभराचा डबा आणला, पाचशेच्या आसपास. ऑईल बदलणं, फिल्टर, हबमध्ये ग्रीस भरणं यांना उत्तम. क्लच उतरवताना दहा मिनिटांत फाटतात. सुती मोजे नकोतच, ऑईल पिऊन तेच दिवसभर कातडीला लावून ठेवतात. आणि ड्रिल, ग्राइंडर, फिरता पट्टा असेल तिथं कुठलाच मोजा नको. मोजा अडकला की बोट सोबत जातं.

मोज्यांपेक्षा स्वस्त युक्ती मामांची. सकाळी काम सुरू करण्याआधी साबणाच्या ओलसर वडीवर दहाही नखं ओढायची. नखाखाली साबण भरला की ग्रीसला जागाच उरत नाही. संध्याकाळी ब्रश मारला की स्वच्छ. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मग करत का नव्हता, तर म्हणे कुणी विचारलं नाही.

१६ डिसेंबर

"पाणी शेवटी" याला एक अपवाद, आणि तो फळ्यावर लाल खडूनं लिहिलाय. ब्लोअर.

बागेतून येणाऱ्या ब्लोअरच्या पंपावर, नोझलवर, ग्रीस निपलभोवती औषधाचा थर असतो. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या औषधाचा) निळा दिसतो तरी, बाकीची औषधं दिसतही नाहीत. त्यातली बरीच तेलात विरघळणारी असतात, म्हणजे तेल चोळलं की औषध कातडीत मुरायला मदतच. म्हणून ब्लोअर आला की आधी मालकाकडूनच तो धुवून घ्यायचा, मग मोजे घालून उघडायचा, आणि हाताला लागलंच तर लगेच साबण-पाणी. ग्रीस राहिलं तर राहू दे, ते नंतर काढता येतं. जेवण, तंबाखू, मोबाईल, सगळं त्याच्यानंतर. गिऱ्हाईक कुरकुरतं, "धुवून आणायचा तर तुमच्याकडं कशाला?" कुरकुरू दे.

२० डिसेंबर

एक बाजूची गोष्ट, पण हात धुण्याशी जोडलेली. धाकटा ट्रॅक्टरच्या इंजिनातलं डिझेलचं नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट धरायला निघाला होता, मामांनी कानाखाली वाजवायचं तेवढं ठेवलं. जुन्या ट्रॅक्टरच्या नोझलचा फवारासुद्धा दीड-दोनशे बार दाबाचा असतो, हाताच्या ग्रीसगनचा दाब तर हजारो पीएसआयमध्ये जातो. डिझेल किंवा ग्रीस कातडी भोकून आत गेलं तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही. हात धुवून कामाला लागलं तर काही तासांत बोट सुजतं आणि कापायची वेळ येते. तसं झालं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, सरळ दवाखाना, आणि आत काय गेलं ते डॉक्टरांना सांगायचं.

२ जानेवारी २०२६

तेलाच्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात साठत होता. सोयाबीनसारखं तेल चिंधीत वाळताना आतल्या आत तापतं, ढीग मोठा असला तर पेटूही शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा आणला, तो बाहेर भिंतीलगत.

६ जानेवारी

हिशोब. बाटलीतला सव्वा किलो माल आणि पूड मिळून १८० रुपयांच्या घरात, चौघांना दहा-बारा दिवस. तेवढ्या दिवसांत आधी ट्रेमध्ये सहा लिटर डिझेल जायचं, म्हणजे पाचशेच्या वर, पावडर वेगळी. वाया गेलेलं धरलं, तर पिंप, चाळण्या, बुरशीची बादली आणि तळणीच्या तेलातला वेळ वसूल व्हायला उन्हाळा उजाडेल. बॉनेटचा पोचा यात धरलेला नाही.

थोरल्याच्या भेगा भरल्यात. हात गोरे वगैरे झाले नाहीत. सीव्ही जॉइंटचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं) काळं ग्रीस, ज्यात मोलिब्डेनमची काळी पूड असते, ते पेरांच्या रेघांतून आजही पूर्ण निघत नाही. ते जातं ते कातडी बदलते तसंच, तीन-चार आठवड्यांनी. त्याच्यामागं लागून घासत बसलं की पुन्हा भेगा. तेवढं काळं सोडून द्यायला शिकलोय, मामा सोडून. त्यांना सक्रांतीच्या आधी नखं पांढरी पाहिजेत, घरी नात आलीय.

१९ जानेवारी

सध्याची रीत, भिंतीवर लावली आहे तशी: हात कोरडे. चिंधीनं वरचं ग्रीस पुसून काढायचं. बाटलीतला एक पंप आणि चमचाभर पूड. दोन मिनिटं चोळायचं, अंगठ्याची मुळं आणि नखांच्या कडा विसरायच्या नाहीत. पुन्हा चिंधी. मग पिंपातलं पाणी, टिपून घेणं, व्हॅसलीन.

पुढच्या चौकातला टायरवाला डबाभर मागायला आला, पैसे देतो म्हणाला. विकायचं म्हटलं की सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्याचा विषय येतो, त्यात पडायचं नाही. त्याला पूड दिली, साबणाची वजनं कागदावर लिहून दिली आणि वहिनींकडं पाठवलं. जाताना त्याच्या हातात पातेलं होतं, ॲल्युमिनियमचं. ते ठेवून घेतलं.